हरिकेनच्या पंखातल्या तोफा, १/४८ मापात: कामाच्या नोंदी

दोन मॉडेलं एकाच वेळी करायला घेतली. हॉकर हरिकेन हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. पहिलं त्याचं मार्क २-सी, म्हणजे पंखात चार २० मिमी हिस्पानो तोफा. दुसरं मार्क २-डी, म्हणजे पंखाखाली दोन ४० मिमी व्हिकर्स 'एस' तोफा आणि पंखात दोन .३०३ ब्राउनिंग मशीनगन. दोन्ही ब्रह्मदेश आघाडीवरची. या नोंदी फक्त तोफांच्या कामाच्या आहेत. कॉकपिट, चाकं, इंजिन यांच्यावर इथे काही नाही, ते किटमध्ये आलं तसंच जोडलं. अंदाज तीन शनिवार-रविवारांचा होता, लागले आठ.

८ जून २०२४, शनिवार

दोन्ही किटं उघडून मोजमाप. किट कोणाचं ते महत्त्वाचं नाही, या मापातल्या बहुतेक किटांत हेच दोष सापडतील.

तोफांच्या नळ्या भरीव प्लॅस्टिकच्या, जाडी १.४ मिमी. ४८ ने गुणलं तर ६७ मिमी. वीस मिमीच्या तोफेची नळी एवढी जाड नसते, ही पाण्याच्या पाइपासारखी दिसते. नळ्यांना पुढे भोक नाही. ४० मिमीच्या तोफांची खोळ दोन अर्ध्या भागांत, जोड बरोबर मधून जाणारी. पंख सगळ्या मार्क २ प्रकारांना सामाईक ठेवल्यामुळे पुढच्या कडेवर नको त्या बंदुकांच्याही खुणा आहेत. म्हणजे बुजवण्याचं काम वाढलं.

एक तपासणी आधीच करून घ्या, फुकट आहे. हरिकेनचा पंखा (प्रोपेलर) ११ फूट ३ इंच व्यासाचा, त्रिज्या १.७१ मीटर. १/४८ मध्ये ३५.७ मिमी. तेव्हा मॉडेलच्या मध्यरेषेपासून ३६ मिमीच्या आत कुठल्याही तोफेचं तोंड येता कामा नये, आलं तर तोफ स्वतःच्याच पंख्यावर गोळ्या झाडेल. हरिकेनच्या तोफा पंख्याच्या फेऱ्याशी जुळवून घेणाऱ्या यंत्रणेवर चालत नव्हत्या, त्या फेऱ्याच्या बाहेरच होत्या. चाकं आतल्या बाजूला दुमडत असल्यामुळे त्यांच्या बाहेर पंखाचा जाड भाग रिकामा मिळत होता, आणि तोफा तिथेच एका घोळक्यात बसत. दोन्ही किटं या तपासणीत पास.

खर्च: दोन किटं मिळून ५,६०० रुपये.

९ जून, रविवार

नळ्यांसाठी इंजेक्शनच्या सुया. बाजारात तयार पितळी नळ्या मिळतात, पण दोन विमानांच्या मागवल्या तर टपालासकट दोन हजारांच्या वर जातात. सुयांचं माप इतकं चपखल बसतं की पैसे घालवायची गरज नाही:

२० मिमी भागिले ४८ म्हणजे ०.४२. बावीस गेज सुईचं आतलं भोक ०.४१ मिमी, बाहेरून ०.७२.
४० मिमी भागिले ४८ म्हणजे ०.८३. अठरा गेजचं आतलं भोक ०.८४, बाहेरून १.२७.
.३०३ म्हणजे ७.७ मिमी, भागिले ४८ म्हणजे ०.१६. तीस गेजचं आतलं भोक ०.१६, बाहेरून ०.३१.

मेडिकलवाल्याला गेज सांगायचा कंटाळा असेल तर रंग सांगा: बावीस काळी, अठरा गुलाबी. तीस गेज पिवळी, पण वीस गेजही पिवळीच असते, म्हणून तिथे आकडा वाचूनच घ्या. तीस गेज साध्या मेडिकलमध्ये मिळाली नाही, दातांच्या दवाखान्यांना माल पुरवणाऱ्या दुकानात मिळाली. सुया सीलबंद, नव्याच घ्यायच्या. वापरलेल्या सुईला हात लावायचा नाही, मग ती कितीही उकळलेली असो.

कापताना पहिल्या तीन वाया गेल्या. कटिंग प्लायरने दाबलं की नळी चपटी होते आणि भोक मिटतं. ब्लेडने स्टील कापलं जात नाही, ब्लेडच जातं. शेवटी जमलं ते असं: २२ आणि १८ गेज सुईत आधी ०.२५ मिमीची तार सरकवायची (गिटारची सगळ्यात बारीक तार, ०.०१० इंची), मग छोट्या ग्राइंडरच्या कटिंग चकतीने, कमी वेगावर, सुई बोटांनी फिरवत कापायची. तार आत असल्यामुळे काठ आत वळत नाही. तार ओढून काढली की भोकही साफ होतं. नंतर टोक ६०० नंबरच्या वॉटर पेपरवर उभं धरून गोल घासायचं. सुईचं तिरकं टोक सगळ्यात आधी कापून डब्यात टाकायचं. डोळ्यांना चष्मा हवाच, चकती तुटते.

चार २२ गेज, दोन १८ गेज, दोन ३० गेज तयार. वेळ अडीच तास. खर्च: सुया ११० रुपये, चकत्यांचं पाकीट १५० रुपये, गिटारची तार ४० रुपये.

१५ जून, शनिवार

हिस्पानोची स्प्रिंग. २-सी च्या बऱ्याच फोटोंत पंखाच्या कडेतून नळी बाहेर येते तिथे उघडी स्प्रिंग दिसते. गोळी सुटताना सबंध तोफ पाळण्यात मागे सरकते, तो धक्का पेलणारी ही स्प्रिंग. काही विमानांवर तिच्यावर निमुळती टोपी असते, काहींवर नसते. आपल्या विमानाचा फोटो बघून आधी ठरवा. इथे उघडी.

मोबाइल चार्जरच्या वायरमधली तार फार बारीक निघाली, स्प्रिंगऐवजी दोरा गुंडाळल्यासारखा दिसत होता. ०.२ मिमीची एनॅमल लावलेली तांब्याची तार घेतली (मोटार वाइंडिंगच्या दुकानात ग्रॅमवर मिळते). ०.७२ च्या सुईवर ०.२ ची तार म्हणजे बाहेरून १.१२ मिमी, खऱ्या मापात ५४ मिमी. हे पटतं.

पहिल्या दोन स्प्रिंगा एकाला एक लावून घट्ट गुंडाळल्या. रंग दिल्यावर त्या स्क्रूच्या आट्यांसारख्या दिसू लागल्या. दोन वेढ्यांत एका तारेएवढी फट हवी. ती सारखी ठेवायची युक्ती: एकाच वेळी दोन तारा शेजारी-शेजारी गुंडाळायच्या आणि मग त्यातली एक उलगडून काढून टाकायची. उरलेलीत फट आपोआप सारखी येते. चारही स्प्रिंगा पाऊण तासात झाल्या.

१६ जून, रविवार

किटच्या नळ्या टोपीच्या मुळाशी कापल्या, आणि तिथे ०.७५ मिमीचं भोक ४ मिमी खोल. आधी शिवणाच्या सुईने टोच, मग ०.४ चा ड्रिल, मग ०.७५ चा. थेट ०.७५ लावला त्या एका जागी भोक बाजूला सरकलं. ते स्प्रू (किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात ती) तापवून ओढलेल्या काडीने बुजवून परत पाडावं लागलं.

मग तोफांची दिशा. इथे दोन दिवस गेले आणि ते वाया गेले, म्हणून सविस्तर लिहितो.

पंखातल्या तोफा समांतर नसतात. दोन्ही पंखांतल्या गोळ्या पुढे ठरावीक अंतरावर एकत्र याव्यात म्हणून त्या किंचित आत वळवलेल्या असतात. ब्रिटिश फायटर कमांडने सुरुवातीला हे अंतर ४०० यार्डांच्या आसपास धरलं होतं. लढाईतल्या वैमानिकांनी ते २५० यार्डांवर आणलं. हाच कोन मॉडेलवर आणायचा ठरवला. कार्डबोर्डचा साचा कापला, कोन मापले, दोनदा फाडून परत केला.

हिशोब मात्र साचा झाल्यावर केला, तो आधी करायला हवा होता. तोफ मध्यरेषेपासून अडीच मीटर धरा, २५० यार्ड म्हणजे २२८.६ मीटर. कोन निघतो ०.६३ अंश. वीस मिमी बाहेर आलेल्या नळीच्या टोकाशी तो फरक होतो ०.२२ मिमी. सुईच्या भोकाच्या अर्धा. डोळ्याला दिसणार नाही, आणि बसवताना हात त्याहून जास्त हलतो. १/४८ मध्ये नळ्या सरळ मध्यरेषेला समांतर लावा आणि मोकळे व्हा. १/२४ मध्ये करत असाल तरच या कोनाकडे बघा.

(अमेरिकन लाइटनिंग विमान करत असतो तर हा प्रश्नच नव्हता. चार .५० आणि एक २० मिमी, सगळ्या नाकात, गोळ्या एकत्र आणायची भानगड नाही.)

२२ जून, शनिवार

नळ्या चिकटवल्या. चूक झाली, आणि ती मागच्या रविवारच्या हिशोबाच्या पाचपट मोठी.

नळी सरळ आहे का हे बघायला गुण्या पंखाच्या पुढच्या कडेला लावला. हरिकेनच्या बाहेरच्या पंखाची पुढची कड टोकाकडे मागे झुकलेली आहे. तिला काटकोनात लावलेली नळी मध्यरेषेला समांतर नसते, ती बाहेर बघते. चारही नळ्या बसवून विमान समोर धरलं तेव्हा डाव्या दोन डावीकडे, उजव्या दोन उजवीकडे फाकलेल्या. टोकाशी १ मिमीहून जास्त. ०.२२ मिमीसाठी दोन दिवस खर्च करून इथे १ मिमी घालवला.

तोफ पंखात बसते, पण तिचं माप विमानाच्या मध्यरेषेवरून घ्यायचं. खऱ्या विमानतळावरही हेच. शेपूट उचलून विमान उड्डाणाच्या स्थितीत सपाट करायचं, समोर फळा उभा करायचा आणि मगच तोफा जुळवायच्या. पंखाची कड कोणी विचारत नसे.

सुपरग्लूने चिकटवल्या होत्या, त्यामुळे सोडवताना एका टोपीचा तुकडा उडाला. सुपरग्लू इथे वापरूच नका, पाच मिनिटांचं इपॉक्सी घ्या. त्यात हलवाहलव करायला तीन-चार मिनिटं मिळतात.

दुरुस्त पद्धत: ग्राफ पेपर काचेखाली ठेवायचा. विमान उलटं करून, धडाची मध्यरेषा ग्राफच्या एका जाड रेघेवर आणून टेपने पक्कं करायचं. सुईच्या भोकात लांब सरळ तार घालायची, १५० मिमी बाहेर. ती ग्राफच्या रेघेला समांतर झाली की नळी समांतर. इथेही एक खड्डा आहे: गिटारची तार गुंडाळीतून येते, तिला बाक असतो. एक संध्याकाळ त्या बाकाच्या मागे गेली. सरळ लांबीत मिळणारी ०.३ मिमीची पियानो वायर आणली, ७० रुपये. तिलाही भोकात थोडा खेळ राहतो, म्हणून तार दोन्ही बाजूंना हलवून मधली जागा धरायची.

२३ जून, रविवार

२-सी च्या उजव्या पंखाचा तोफखाना (तोफा बसतात तो कप्पा) उघडा दाखवायचा होता. वरची झाकणं कापून काढली. पातळ करवतीने कापली तर झाकण परत वापरता येतं, सुरीने खोल खरवडून कापलं तर कड फाटते.

आत पहिल्यांदा ६० गोळ्यांचा गोल ड्रम केला. चूक. ड्रम सुरुवातीच्या तोफवाल्या स्पिटफायर या दुसऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानावर होता. २-सी मध्ये पट्ट्याने गोळ्या येतात, दर तोफेला सुमारे ९०. ड्रम काढून टाकला, त्याच्या जागी पट्टा ओढणारी चौकोनी पेटी केली. पंखाच्या वरच्या पृष्ठावर जे फुगवटे दिसतात ते या पेटीला जागा करायला आहेत. त्यामुळे झाकणं उघडी ठेवायची असतील तर फुगवटे झाकणांबरोबरच गेले पाहिजेत, पंखावर राहता कामा नयेत.

ड्रम आणि पातळ पंख यांचं जमत नाही, याचा धडा १९४० मध्ये १९ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनने घेतला. स्पिटफायरच्या पातळ पंखात ड्रम मावावा म्हणून हिस्पानो कुशीवर आडवी टाकली. रिकामी काडतुसं नीट बाहेर पडेनात, तोफा अडकत राहिल्या. शेवटी ऐन लढाईत, सप्टेंबरमध्ये, तोफेची विमानं परत करून आठ मशीनगनची जुनी विमानं घेतली. अमेरिकनांनी मस्टँग विमानाच्या बी प्रकारात असंच केलं. चार .५० तिरक्या बसवल्या, आणि जोरात वळण घेतलं की पट्टे अडकायचे. डी प्रकारात सहा बंदुका उभ्या बसल्यावर ते थांबलं. हरिकेनचा पंख मुळाशी रुंदीच्या १९ टक्के जाड. हवेत तो ओझं होता, पण तोफखाना करायला इतका सोयीचा पंख दुसरा नाही. मॉडेल करणाऱ्यालाही आत चिमटा घालायला जागा मिळते.

गोळ्या: वीस मिमीचं पूर्ण काडतूस सुमारे १८४ मिमी लांब, बूड २५ मिमी. म्हणजे ३.८ मिमी लांब, ०.५ मिमी जाड. ०.५ ची पितळी तार ३.८ चे तुकडे करून, एक टोक फिरत्या ग्राइंडरमध्ये धरून कानशीने निमुळतं केलं. नव्वद करायची गरज नाही. पेटी आणि तोफ यांच्यामध्ये बारा दिसतात, दोन्ही तोफांच्या चोवीस पुरल्या. मास्किंग टेप उलटी ठेवून तिच्यावर ओळीने लावायच्या, मागून पातळ गोंदाचा हात, वाळल्यावर पट्टा वाकवता येतो. गोळ्यांची टोकं पुढे, विमानाच्या नाकाकडे. पहिला पट्टा उलटा चिकटला होता.

वेळ सहा तास, त्यातला दीड ड्रमवर.

२९ जून, शनिवार

२-सी च्या पंखाखालची काडतुसं टाकायची भोकं. किटमध्ये नुसत्या रेघा आहेत. ०.६ च्या ड्रिलने तीन-तीन भोकं शेजारी पाडून मधलं प्लॅस्टिक सुरीने काढलं, मग पत्र्यासारखी पातळ कानस. पंखाची कातडी आतून खरवडून पातळ केली नाही तर भोकाची कड दोन इंच जाड पत्र्यासारखी दिसते. हे काम पंखाचे वरचे-खालचे भाग चिकटवण्याआधी करायचं. इथे डाव्या पंखाला ते आठवलं, उजव्याला नाही.

चारही नळ्या बसवण्याआधी आणखी एक गोष्ट तपासा. टेहळणीसाठी वापरलेल्या काही २-सी मधून वजन कमी करायला दोन तोफा काढलेल्या असत. ब्रह्मदेशात भारतीय हवाई दलाच्या हरिकेन स्क्वॉड्रनचं बरंच काम टेहळणीचंच होतं. मेहर सिंगांच्या ६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला 'चौदाव्या सैन्याचे डोळे' म्हणत ते त्यामुळेच. तुमच्या फोटोत दोनच नळ्या दिसत असतील तर फोटोवर विश्वास ठेवा.

दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात हरिकेन आहे, टेम्पेस्ट २ हे हॉकरचंच नंतरचं विमानसुद्धा आहे. हिस्पानोचं माप टेम्पेस्टवरून घेऊ नका. तिच्यात मार्क ५ तोफ, नळी एक फुटाने आखूड. मॉडेलवर ६.३ मिमीचा फरक पडतो.

३० जून, रविवार

आता २-डी. ४० मिमीची व्हिकर्स 'एस' एकेक १३४ किलोची. पंखात मावणं शक्य नाही, म्हणून पंखाखाली खोळीत टांगलेली. प्रत्येकीला १५ गोळ्या. मिनिटाला शंभरचा वेग धरला तर नऊ सेकंदांत संपतात, पण धरून ठेवून कोणी झाडत नसे. एकेक जोडी नेम धरून, कारण धक्का विमानाच्या गुरुत्वमध्याच्या खाली बसायचा आणि नाक खाली जायचं. परत वर आणून पुन्हा नेम. जर्मनांच्या युंकर्स यू ८७-जी विमानावर ३७ मिमीच्या तोफेला सहा-सहाच्या दोन क्लिपा, बाराच गोळ्या. रशियन इल-२ विमानावर ३७ मिमीच्या एनएस तोफेला ५० होत्या, पण एक तोफ किंचित आधी सुटली की नाक बाजूला फिरायचं, मग पुढच्या गोळ्या कुठे जातील सांगता येत नसे. पंखाखाली मोठी तोफ टांगणाऱ्या सगळ्यांनी हेच भोगलं.

खोळीचे अर्धे भाग जोडले. जोड बुजवायला पुट्टी वापरली, सकाळी आकसून रेघ परत वर आली. सुपरग्लूत टाल्कम पावडर कालवून भरली, वीस मिनिटांत घासली, विषय संपला. (सुपरग्लू रात्रभर ठेवला तर प्लॅस्टिकपेक्षा कडक होतो आणि घासताना शेजारचं प्लॅस्टिक आधी जातं.)

नळी: १८ गेज सुई, बाहेरून १.२७ म्हणजे खऱ्या मापात ६१ मिमी. खोळीच्या तोंडात १.३ चं भोक, ८ मिमी खोल. किटची नळी उपटून टाकण्याआधी तिची बाहेर आलेली लांबी कॅलिपरने मोजून लिहून ठेवा. इथे डाव्या बाजूची मोजली आणि उजवीची तीच धरली. किटच्या दोन नळ्यांत ०.६ चा फरक होता हे नंतर कळलं. रेखाटनावरून दोन्ही परत कापल्या.

६ जुलै, शनिवार

खोळी पंखाला लावल्या. दिशा या वेळी ग्राफ पेपरवरून, मध्यरेषेला धरून, १८ गेजमध्ये ०.८ ची सरळ पितळी काडी घालून. पहिल्याच फटक्यात बसलं. उंची मात्र चुकली. खोळीच्या वरच्या कडेला आणि पंखाला फट होती, डावीकडे जास्त. ती बुजवताना डावी खोळ खाली राहिली. कॅलिपरने ०.४ मिमी. इपॉक्सी कडक झाल्यावर लक्षात आलं.

२-डी च्या ब्राउनिंग. प्रत्येक पंखात एकच, आणि तिचं काम मारण्याचं कमी, दाखवण्याचं जास्त. ट्रेसर (चमकत जाणाऱ्या) गोळ्या झाडून नेम लागला की ४० मिमी सोडायची. ही बंदूक पंखाच्या कडेच्या आत असते, नळी बाहेर येत नाही, फक्त भोक. ०.३ चे कार्बाइड ड्रिल पाच मोडले. एकेक ४५ रुपयांचा, वाकडा दाब सहन करत नाही. सहाव्याला पिन-व्हाइस (हाताने फिरवायची ड्रिलची मूठ) सोडून ड्रिल नुसता बोटांत धरून फिरवला, आणि तो टिकला. आत ३० गेजची सुई कडेला समतल.

जमिनीवर धूळ, पाणी आत जाऊ नये म्हणून या भोकांवर डोप (कापड ताठ करणारं लॅकर) लावलेल्या कापडाचं ठिगळ चिकटवत. पहिल्या गोळीलाच ते फाटतं. ठिगळ अखंड दाखवायचं असेल तर नळीमागे काजळी दाखवू नका, दोन्ही एकत्र खोटं वाटतं. इथे फाटलेलं: टिश्यू पेपरचा २ मिमीचा तुकडा, पातळ गोंद, मधे सुईने फाडून कडा बाहेर वळवल्या. कडा आत वळलेल्या दिसल्या तर गोळी बाहेरून आत आली असं होईल.

७ जुलै, रविवार

सामाईक पंखावरच्या नको त्या बंदुकांच्या खुणा बुजवल्या. बारा बंदुकांच्या २-बी प्रकाराच्या जास्तीच्या जागा उतरण्याच्या दिव्याच्या बाहेरच्या बाजूला आहेत. भोकात ओढलेल्या स्प्रूची काडी, सुपरग्लू, कापून घास. कडेचा गोलवा सपाट होऊ नये म्हणून वॉटर पेपर बोटावर नाही, जुन्या रबरी नळीच्या तुकड्यावर गुंडाळून. एका जागी दिव्याची काच घासली गेली. पॉलिशने आली परत, पण अर्धा तास गेला.

१३ आणि १४ जुलै

रंग. बाहेर सलग पाऊस, खोलीत आर्द्रता ८८ टक्के. लॅकर रंग एअरब्रशने मारला आणि दहा मिनिटांत सगळा पंख पांढुरका, साय आल्यासारखा. थिनर उडताना पृष्ठ थंड होतं, हवेतलं पाणी त्याच्यावर बसतं. सावकाश उडणारा थिनर (रिटार्डर) थोडा मिसळून वरून हलका हात दिला, बराचसा गेला. २-डी च्या उजव्या खोळीवर गेला नाही, तिथे घासून परत. पावसाळ्यात कॉम्प्रेसरला पाण्याची गाळणी नसेल तर सुरूच करू नका. इथे होती, तरी दर अर्ध्या तासाला रिकामी करावी लागली.

सुईच्या स्टीलवर रंग धरत नाही. आधी मेटल प्रायमर, नाहीतर मास्किंग टेप काढताना नळीचा रंग मोज्यासारखा निघून येतो. एक नळी तशीच गेली.

नळी काळी रंगवायची नाही. काळ्यात चौथा हिस्सा तपकिरी, वाळल्यावर ६बी पेन्सिलची पूड बोटाने घासायची. स्प्रिंगवर तीच पूड फक्त वरवर, म्हणजे वेढे उठून दिसतात.

२० जुलै, शनिवार

काजळी. पंखाखालच्या काडतुसांच्या भोकांपासून मागे, पातळ राखाडी-तपकिरी. पुन्हा तीच चूक होता होता राहिली. हात आपोआप पंखाच्या कडेला काटकोनात ओढला जातो. हवा मध्यरेषेला समांतर वाहते, तिकडेच ओढायचं. मास्किंग टेपची पट्टी ग्राफवरून समांतर लावून तिच्या कडेने मारलं.

२-डी वर काजळी कमी ठेवली. पंधरा-पंधरा गोळ्यांत पंख काळा होत नाही. नळीच्या तोंडाशी थोडी, बस.

२७ जुलै, शनिवार

खुणा. आग्नेय आशिया कमांडच्या विमानांवर गोल खुणेत लाल नाही, गडद निळ्यात फिकट निळा. जपानी लाल वर्तुळाशी घोटाळा होऊ नये म्हणून. युरोपातली लाल मध्याची डीकल (पाण्याने चिकटवायची छापील खूण) किटमध्ये पहिल्याच पानावर आहे, घाईत तीच लागते. २-डी ब्रिटिशांच्या २० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची केली, याच स्क्वॉड्रनच्या ४० मिमीवाल्या हरिकेननी फेब्रुवारी १९४५ मध्ये इरावतीच्या लढाईत जपानी रणगाडे फोडले. २-डी वर भारतीय स्क्वॉड्रनच्या खुणा लावू नका, त्या २-सी वर शोभतात.

डीकल तोफखान्याच्या झाकणाच्या रेघांवर सुरकुतली. सॉफ्टनरचे दोन हात, मधे सुईने टोचून बसवली.

एकूण खर्च किटं सोडून: सुया, चकत्या, गिटारची तार ३००. पियानो वायर ७०. तांब्याची तार ३०. पितळी तार आणि ०.८ ची काडी ९०. ड्रिल ३६५. इपॉक्सी ११०. मेटल प्रायमर ३८०. रिटार्डर २५०. मिळून १,५९५ रुपये. रंग घरातले होते.

२८ जुलै, रविवार

शेवटची तपासणी. २५० यार्ड भागिले ४८ म्हणजे ४.७६ मीटर. खोलीची लांबी साडेचार, म्हणून दरवाजा उघडून पॅसेजमध्ये फळा उभा केला. प्रत्येक नळीत सरळ तार, तारेच्या रेषेत दोरा ताणून फळ्यावर टिंब. समांतर नळीचं टिंब तिच्या स्वतःच्या मध्यरेषेपासूनच्या अंतरावर पडायला हवं. २-सी च्या तीन नळ्या ४० मिमीच्या आत. डावी बाहेरची ९० मिमी बाहेर, म्हणजे एक अंशाहून थोडी जास्त. शेल्फवर ठेवल्यावर दिसत नाही, समोरून अर्ध्या फुटावर आणली तर दिसते. २-डी च्या दोन्ही नळ्या सरळ, डावी खोळ ०.४ मिमी खाली ती खालीच आहे. काढली तर पंखाचा रंग आणि गोल खूण दोन्ही जातील. ठेवली.

उजव्या पंखाचं झाकण परत बसत नाही, कापताना ०.३ मिमी गेली. ते पंखावर सैल ठेवलं आहे, शस्त्रकार नुकताच काढून गेल्यासारखं.